आत्याशिवाय हळद

भात झोडायला घेतलं की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. अंगाला खाज सुटते आणि कोणीतरी शूटिंगचा विषय काढतं. खाज आंघोळ केली की जाते. विषय मात्र पुढच्या सुगीपर्यंत पुरतो.

दिवाळी नुकतीच उलटली आहे. ओढ्यावरचं धुकं उन्हं चढेपर्यंत जागचं हलत नाही. कापलेल्या खाचरातून चालताना भाताची धसकटं चपलेच्या कडेनं टोचतात. इंद्रायणी भात अंगणात वाळत पडलं की त्याचा वास घरात येतो, अंथरुणात येतो, मला तर चहातही येतो. मळणीचं मशीन आता रस्त्यापर्यंत पोचतं, पण आमची वरची खाचरं पायऱ्यांसारखी डोंगराला लागलेली. तिथं ते चढत नाही. तिथलं भात आम्ही अजून सावडीनं झोडतो. आज आमचं, उद्या तुमचं. चार घरची माणसं जमतात, मध्ये ओंडका आडवा टाकायचा, त्यावर पेंढी आपटायची. हात कामात, तोंडं मोकळी. मग शूटिंग निघतंच.

मी जन्मभर एसटी चालवली. लिहिण्याची सवय नाही. तरी बसलो आहे, कारण गाव ती गोष्ट जशी सांगतं तशी ती घडलेली नाही. खरी कशी घडली हे दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरी माझी थोरली बहीण, आक्का. आक्का बोलायची नाही.

गाव सांगतं ती गोष्ट अशी: "आपल्या गावात लग्नाचं शूटिंग चाललं व्हतं. आक्काला वाटलं, खरंच लगीन हाय! सारोळ्यावरनं आहेर घेऊन आली, हिरोला हळद लावली आन् ढसाढसा रडली. आता एवढं दिवं, एवढं कॅमेरं, तरी कळू नये? तर तिला वाटलं, आजकाल लग्नाची शूटिंग अशीच करत्यात!"

इथं सगळे हसतात. गोष्ट हसण्यासारखीच आहे. हल्ली आमच्याकडच्या साध्या लग्नातही कॅमेरेवाला नवरा-नवरीला चारदा मांडवात यायला लावतो. एखाद्या म्हातारीची फसगत व्हावी यात नवल नाही. म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली.

तो सिनेमा काही फार नावाजला नाही, पण चांगला होता. दोन घराणी, एक लग्न, मानपानावरून रुसून पिंपळावर चढून बसलेला मामा, आणि त्याला खाली उतरवता उतरवता सगळ्यांचीच जुनी भांडणं बाहेर येतात. हसता हसता शेवटी डोळे पुसायला लावणारा. भोरला सिनेमेवाले नेहमीचेच, तिथल्या लोकांना शूटिंगचं कौतुक नाही. बाजारपेठेत हिरो उभा राहिला तरी तिथला दुकानदार तराजूवरची नजर काढत नाही. आमचं गाव मात्र आत, वेल्ह्याच्या अंगाला. आमच्याकडे त्याआधी बाहेरून आलेली सर्वांत मोठी गाडी म्हणजे मी चालवायचो ती. त्या सुगीत भोरला मुक्काम ठोकलेली ती मंडळी अंगण शोधत फिरत होती. मागे डोंगर, पुढे पिकलेलं भात. ते अंगण आमचं निघालं.

दिग्दर्शक दाढीवाला, हसरा पोरगा. पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाला, "काका, शूटिंग संपेपर्यंत भात कापू नका ना. मला ते सोनेरी हवंय."

मी म्हणालो, "बाबा, पिकलेलं भात तुझ्यासाठी उभं ऱ्हात न्हाई. ते आडवं होतंय."

शेवटी कॅमेऱ्यात दिसेल तेवढं एकच खाचर राखलं आणि बाकी सगळं कापून काढलं. झालं असं, की साऱ्या शिवारातल्या चिमण्या त्या एका खाचरात उतरल्या. प्रत्येक शॉटच्या आधी माझा मुलगा संजय पत्र्याचा डबा बडवत बांधावरून पळायचा, आणि आवाज टिपणारा माणूस कानावरचे ठोकळे काढून "शांतता! शांतता!" म्हणत त्याच्या मागे. सिनेमात ते खाचर फार सुंदर दिसतं. दाणे त्यात किती उरले होते ते आम्हालाच माहीत.

खरी गंमत बायकांनी आणली. गर्दी म्हणून गावातल्या बायकांना मांडवात बसवायचं होतं. पुढारीण हौसाबाई. वरच्या वस्तीवर तिच्या म्हशी, शेरडं. पण गावात कुठलीही हळद असो, गाणी म्हणायला हौसाबाईच खाली यायची. तिनं नवरीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुजं लगीन झालंय का?"

नटी म्हणाली, "हो मावशी, मुलगी आहे मला तीन वर्षांची."

"मग अक्षता पडायच्या न्हाईत!" हौसाबाईनं जाहीर केलं. "अक्षता पडल्या की लगीन लागलं. हिचा नवरा जित्ता हाय, लेकरू हाय. हे पाप आमच्या डोक्यावर नगं."

दिग्दर्शकानं समजावलं, हे खोटं आहे. हौसाबाई म्हणाली, तांदूळ खरे आहेत ना? अर्धा दिवस त्यात गेला. अखेर तोडगाही तिनंच काढला. भाताचं तूस हळदीत घोळवायचं आणि तेच उधळायचं. लांबून कोणाला कळतंय? खरोखरच कळलं नाही. फक्त बिचारा हिरो. ते तूस त्याच्या शेरवानीत, गळ्यात, बनियनमध्ये असं काही शिरलं की पुढचे दोन दिवस तो प्रेमाचे संवाद खाजवत खाजवत म्हणत होता.

सिनेमात काही क्रमानं घेत नाहीत; अक्षतांनंतर हळदीचा प्रसंग आला. बायका पाटाभोवती बसल्या. दिवे लागले. दिग्दर्शकानं हात वर केला, आणि हौसाबाईनं विचारलं, "नवऱ्याची आत्या कुठाय?"

"मावशी, आपल्या गोष्टीत आत्या नाहीये."

"आत्या न्हाई? मग हळद लावतंय कोण? तूस उधळलं ते उधळलं. हळद काय खोटी लावता येत न्हाई. अंगाला लागली की लागली. लावणारी तरी खरी पायजे. आमी न्हाई गाणार."

बाकीच्या बायकांनी पदर सावरले आणि तोंडं मिटून घेतली. दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणाला, "बरं, आणा कोणीतरी आत्या!"

"कोणतरी कशाला?" हौसाबाई माझ्याकडे वळली. "मांडव ह्यांच्या दारात हाय. ह्यांची आक्का हाय की सारोळ्याला. ह्या घरातली तीच आत्या. जावा, आणा तिला."

मी म्हणालो, "आक्का कशी येईल? दाजी गेल्यापासून ती…"

"दाजी गेलं, मान्य. त्यांच्यासंगं तिचं आत्यापण बी गेलं व्हय?"

मी तिथं उभा होतो आणि माझ्या कानात दुसऱ्याच मांडवाचा कालवा चालू होता.

दाजी गेले त्याच्या पुढच्याच वर्षी संजयचं लग्न झालं. खरं लग्न. हळदीच्या सकाळी आक्का माजघरातून बाहेर आली, हातात वाटी. हळद तिनंच कुटली होती, आदल्या दिवशी, गाणी म्हणत. मी उंबऱ्यात आडवा आलो. म्हणालो, "आक्का, तू जरा आत बस. लोकं नावं ठेवत्यात."

तिनं विचारलं, "कोण?"

मी म्हणालो, "लोकं."

तिनं वाटी खाली ठेवली. जेवणं व्हायच्या आधी पिशवी घेऊन ती रस्त्याला लागली. जन्मभर दुसऱ्यांच्या बहिणींना माहेरी पोचवणारा मी मांडवातून हललो नाही. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. कोणी विचारलं की मी सांगायचो, वडीलधाऱ्या बायका नको म्हणाल्या, माझा इलाज चालला नाही. एकही बाई काही म्हणाली नव्हती. विचारलंच नव्हतं मी कोणाला. आणि आता त्याच बायका गाणं अडवून बसल्या होत्या, तिला आणा म्हणून.

माझी बायको मंदा दारातून म्हणाली, "बघताय काय? जावा की वन्संस्नी आणायला."

नसरापूर, कापूरहोळ, मग सारोळं. सिनेमावाल्यांनी गाडी दिली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या रस्त्यानं मी मागच्या सीटवर बसून गेलो आणि मला गाडी लागली; सारोळ्याला उतरलो तोही ओकतच.

आक्का नीरेच्या पुलाच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या झाडाखाली कांद्याच्या पातीच्या जुड्या बांधत बसली होती. मला पाहून तिनं मानही वर केली नाही.

"कोण मेलं?"

"कोण न्हाई. लगीन हाय."

"कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगितलं. शूटिंग, तूस, हौसाबाई, गाणं अडलेलं. ती जुड्या बांधत ऐकत होती.

"म्हंजी नवरा खोटा, नवरी खोटी, भटजी बी खोटा."

"व्हय."

"खऱ्या लग्नात मला आत बसीवलीस. खोट्यात तरी लावू देतोस व्हय हळद?"

पुलावरून ट्रक जात होते. 

"हौसाबाईनं बोलावलंय, आक्का."

"ती बोलवंल. तू?"

"म्या… घ्यायला आलोय न्हवं."

तिनं शेवटची जुडी बांधली, पाटी शेजारणीकडे सरकवली आणि उठली. येताना कापूरहोळला गाडी थांबवायला लावली आणि कापडाच्या दुकानात शिरली. नवरीला साडी, नवऱ्याला टॉवेल-टोपी. मी म्हणालो, "अगं, खोट्या लग्नाला आहेर कशाला?"

"लगीन खोटं आसंल. म्या माहेरी चाललेय ते खोटं हाय व्हय? रिकाम्या हातानं जाऊ?"

तर हे असं आहे. आक्काला सगळं ठाऊक होतं. गावात शिरण्याआधी ठाऊक होतं. कॅमेरा कशाचा, दिवे कशाचे, नवरा कोण, सगळं.

हळदीचा शॉट एकदाच झाला. हौसाबाईनं गाणं धरलं, बायकांनी ते उचललं. आक्का पाटाजवळ वाकली आणि तिनं त्या पोराच्या दोन्ही गालांना, हातांना, पावलांना हळद लावली, अगदी जपून. कागदावर तिला एकही वाक्य नव्हतं. ती म्हणाली, "सुखी ऱ्हा, बाळा. आत्याला यायला उशीर झाला. रागावू नगंस." आणि तिला रडू फुटलं. त्या पोराच्याही डोळ्यांत पाणी आलं. तो तुसामुळे खाजवायचंसुद्धा विसरला. दिग्दर्शकानं थांबा म्हटलं नाही.

दिवे विझल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "आक्का, आगं खोटं हाय त्ये! रडतीस काय?"

मग दुसरं कोणी, "आरं, आहेर बी आणलाय! आण्णानं सांगितलेलं दिसत न्हाई, तिला खरंच वाटलं!"

मांडव हसू लागला. आक्कानं माझ्याकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की मी तिला सांगून आणली आहे. पण मग लोकांनी विचारलं असतं, मग ती रडली का? आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी येऊन थांबलं असतं.

मी हसलो. सगळ्यांबरोबर, आणि जरा मोठ्यानंच.

सिनेमा लागला तेव्हा गावातली मंडळी टेम्पो करून पुण्याला गेली. तो प्रसंग दिग्दर्शकानं ठेवला होता. थिएटरात लोक डोळ्यांना रुमाल लावत होते आणि मधली आमची एक अख्खी रांग पोट धरून हसत होती. पुढच्या खुर्चीतली बाई मागे वळून म्हणाली, "तुम्हाला काही वाटतं का?" संजय तिला कौतुकानं म्हणाला, "आमची आत्या हाय ती!"

त्या सुगीपासून आक्का पुन्हा येऊ लागली. दिवाळीला, भाताला, कधी उगीच. येताना कांद्याची पात, गूळ, नातवंडांना लाडू. मंदाच्या आणि तिच्या पहाटेपासून गप्पा. माझं घर भरलं, हे मी नाकारत नाही. पण गावात तिचं नाव 'शूटिंगची आक्का' पडलं ते पडलंच. लहान पोरं तिच्यासमोर टॉवेल गुंडाळून पाटावर बसायची आणि म्हणायची, "आक्काआजी, रडा!" ती त्यांच्या पाठीत धपाटा घालायची आणि हसायची. एवढ्या वर्षांत तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. हौसाबाई गेली, तिलाही खरं कळलं नाही.

यंदा माझी नात, संजयची तेजू, हिचं लग्न ठरलं आहे. भात घरात आलं की मांडव. हल्लीच्या हळदीला डीजे असतो, भिंतीएवढा पडदा असतो. तेजूच्या चुलतभावंडांनी ठरवलं, त्या पडद्यावर सिनेमातला तो तुकडा लावायचा. 'आक्काआजीची कॉमेडी.' घरभर हशा झाला. आक्काही हसली. आणि त्याच दुपारी म्हणाली, "माजं गुडघं धरल्यात. हळदीला काय थांबायची न्हाई म्या. आदल्या दिशी मला सारोळ्याला सोडा."

सगळ्यांनी गुडघे मान्य केले. मी नाही केले. तेच गुडघे सकाळी वरच्या खाचरापर्यंत न थांबता चढून आले होते. ह्या घरात पुन्हा हळद होणार होती आणि माझी बहीण पुन्हा पिशवी भरत होती.

परवा आमची सावड होती. ऊन चांगलं तापलेलं, ओंडक्यावर पेंढ्या पडत होत्या, दाणे पायांवर उडत होते. आक्का कडेला सूप घेऊन पाखडत बसली होती. शेजारचा विलास पेंढी आपटता आपटता म्हणाला, "आक्का, तेजूचं लगीन खरं हाय बरं का! न्हाईतर शूटिंग समजून आहेर आणायच्या न्हाईत औंदा!"

सगळे हसले. माझ्या हातात पेंढी होती. ती मी ओंडक्यावर ठेवून दिली.

"विलास, तिला ठाऊक व्हतं," मी म्हणालो.

"काय, आण्णा?"

"शूटिंग हाय ते. म्या सारोळ्याला जाऊन सगळं सांगून आणली व्हती तिला. ती फसली न्हवती."

विलास म्हणाला, "मग रडली कशापायी?"

हाच तो प्रश्न. मी उत्तर दिलं. संजयच्या हळदीला उंबऱ्यात काय बोललो ते, कोणीही काही म्हटलेलं नसताना लोकांवर ढकललं ते, आणि त्या दिवशी मांडवात सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो ते. उन्हात उभं राहून, तुसानं भरलेल्या अंगानं. झोडणं थांबलं होतं. फक्त आक्काचं सूप चालू होतं.

सून सुरेखा पदराला हात पुसत पुढे आली. ज्या लग्नात हे घडलं, त्यातली नवरी तीच. आक्कासमोर उकिडवी बसून म्हणाली, "आत्याबाई, माज्या लेकीला पहिली हळद तुमीच लावायची. गुडघ्याचं सांगू नगा. पाट मांडते, बसून लावा."

आक्का पाखडता पाखडता म्हणाली, "बसून कशी लावू? हात नगं पोचाय तिच्या कपाळापतुर? एवढी ताडमाड वाढीवलीय पोरगी."

तेजू एकदम हसली आणि तिनं नाक पुसलं. मंदा म्हणाली, "वन्सं, मग पिशवी रिकामी करू का?"

"कर. लुगडं चुरगळलं आसंल त्यातलं."

मग तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल, इतक्या वर्षांचं सगळं. चार माणसांत बोलली तरी मला चालणार होतं.

"बाळ्या, तू हसलास ते म्या बघितलं व्हतं," ती म्हणाली. "पर गाडीत बसून मला न्यायाला आला व्हतास, ते बी बघितलं व्हतं. ओकत व्हतास सारोळ्यापतुर."

मी ओंडक्यावरची पेंढी पुन्हा उचलली.   ओंडक्याभोवतीची सगळी माणसं हातात पेंढ्या घेऊन आम्हा दोघांकडे बघत उभी होती.

आक्कानं त्यांच्यावरून नजर फिरवली.

"आन् तुमी काय बघताय? शूटिंग हाय व्हय हितं? झोडा की!"